उत्तरेच्या खिडकीतलं ऊन

मूर्तिजापूर मागे पडलं तसा कमलाकांतरावांनी खिशातला रुमाल काढून मांडीवर पसरला आणि त्याच्या आडोशाला तळहातावर होकायंत्र ठेवलं. एसटीचा सगळा सांगाडा लोखंडाचा; त्यात होकायंत्र धरून बसणं म्हणजे बाजारात उभं राहून नाडी मोजण्यासारखं, हे त्यांनी स्वतःच कित्येक वर्षं वर्गात सांगितलं होतं. सुई थरथरत होती, ड्रायव्हरच्या दिशेने चिकटत होती, गतिरोधक आला की गोल फिरत होती. तरी त्यांना ते हातात हवं होतं. सुईकडून त्यांना काही जाणून घ्यायचं नव्हतं. जाणून घ्यायचं होतं स्वतःकडून: ते नेमकं कुठे घडतं? अकोल्याआधीच्या शिवणीच्या अलीकडे की पलीकडे? एका क्षणात, की दार हळूहळू लोटल्यासारखं? इतक्या वर्षांत इतक्या वेळा अकोल्याला येऊन त्यांनी तो क्षण एकदाही पकडला नव्हता. अमरावतीहून निघताना पूर्व पूर्वेला असायची, उत्तर उत्तरेला. बडनेऱ्यात, मूर्तिजापुरात सगळं जागच्या जागी. आणि अकोल्यात उतरलं की कोणीतरी सबंध गाव ताटासारखं उचलून पाव फेरा फिरवून ठेवलेलं असायचं. आज मात्र डोळे उघडे ठेवायचे, पापणीसुद्धा लवू द्यायची नाही, असं ठरवून ते खिडकीशी बसले होते. शेजारचा फेटेवाला गृहस्थ बराच वेळ रुमालाकडे तिरका पाहत होता. शेवटी त्याला राहवेना. शुगर पाहाची मशीन हाय काय बाबा, असं त्याने विचारलं. कमलाकांतराव ओशाळले, नाही, दिशा पाहायचं यंत्र आहे, असं पुटपुटले. दिशा पाहायला काय यंत्र लागते, गाडी अकोल्याले चालली ना, मग झालं, असं म्हणून त्या गृहस्थाने आपल्या शुगरची सगळी हकिकत सांगितली, आणि कमलाकांतरावांना ती मान हलवत ऐकावी लागली. हकिकत संपली तेव्हा बाहेर अकोला होतं. फिरलेलं.

ही गोष्ट जगात एका माणसाला ठाऊक होती, आणि ते माणूस आता नव्हतं. भूगोलाचा मास्तर, ज्याने अमरावतीतल्या दोन पिढ्यांना डोळे मिटून उत्तर दाखवायला शिकवलं, त्याच्या अकोल्यात सूर्य दक्षिणेला उगवतो आणि उत्तरेला मावळतो, हे सांगायचं तरी कुणाला? तसं पाहिलं तर हा काही आजार नव्हे. कुणाची नागपूरच्या स्टेशनवर दिशा फिरते, कुणाची मावशीच्या गावी; लोक हसतात आणि विसरतात. पण तो लोकांचा धंदा नसतो. कमलाकांतरावांचा होता. म्हणून अकोल्यात ते नेहमी मनातल्या मनात हिशेब करत वावरले. रिक्षावाल्याला डावीकडे म्हणायचं, पूर्वेकडे म्हणायचं नाही. कुणी विचारलंच तर जे वाटतं त्यातून नव्वद वजा करायचे आणि मग बोलायचं. जहाजावरचे लोक चुंबकाच्या उत्तरेवरून खरी उत्तर काढताना करतात तशीच ही दुरुस्ती. गंमत अशी की वऱ्हाडात त्या दुरुस्तीची गरजच पडत नाही. खरी उत्तर आणि चुंबकाची उत्तर आपल्या भागात जवळजवळ एकमेकींच्या अंगावर पडतात. वर्गात दोन बाण वेगळे काढून दाखवायचे आणि मग, आपल्याकडे हा फरक धरण्यासारखा नाही बरं का, असं म्हणायचं. ते म्हणताना त्यांना दर वर्षी थोडी लाज वाटे. न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल आपण मुलांना उगाच भीती घालतो आहोत, असं. आणि त्याच वेळी अंगठ्याएवढा खाजगी आनंदही होई की फरक म्हणजे काय ते या वर्गात फक्त मला माहीत आहे.

पहिल्यांदा अकोल्याला आले ते मुलगी पाहायला. आषाढाचे दिवस, पॅसेंजर गाडी, वडील समोरच्या बाकावर पंचांग उघडून बसलेले. मूर्तिजापूरनंतर कमलाकांतरावांचा डोळा लागला आणि वडिलांनी गुडघ्यावर थाप मारली तेव्हा गाडी थांबलेली होती. बाहेर आभाळ इतकं गच्च की कशाचीच सावली नव्हती. स्टेशनच्या बाहेर पाऊल टाकताना त्यांनी सवयीने पूर्व कुठे ते ठरवून टाकलं. ठरवलं असंही म्हणता येत नाही. ती आपोआप जाऊन बसली, उत्तरेच्या जागी. जठारपेठेतल्या वकिलांच्या दिवाणखान्यात ते भिंतीला टेकून बसले, त्यांच्या हिशेबाने उत्तरेच्या खिडकीकडे तोंड करून. मुलीचे वडील कापसाच्या भावाबद्दल बोलत होते, यांचे वडील गोत्राबद्दल. मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन आली, आणि त्याच वेळी दिवसभर न फाटलेलं आभाळ कडेला कुठेतरी फाटलं, आणि उत्तरेच्या खिडकीतून ऊन आत आलं. तिरपं, तांबूस, मनगटापर्यंत. कमलाकांतरावांनी मुलीकडे पाहिलंच नाही असं नंतर वडील म्हणाले. ते खरं नव्हतं. त्यांनी तिच्या हातावर पडलेलं ऊन पाहिलं होतं. एकवीस अंश अक्षांशावर, आषाढात असो की कधी असो, संध्याकाळी उत्तरेच्या खिडकीतून असं थेट आत ऊन येत नाही, येऊ शकत नाही, हे ज्याला पक्कं ठाऊक आहे अशा माणसाच्या नजरेने पाहिलं होतं. नंतर त्यांना कळलं की ती खिडकी पश्चिमेची. कळलं, म्हणजे डोक्याला कळलं. अंगाला कधीच कळलं नाही. मुलीचं नाव अनसूया होतं.

मैथिली स्टँडवर न्यायला आली होती. अनसूयेच्या भावाची मुलगी. जठारपेठेतच एका फ्लॅटमध्ये राहते, अनसूया शिकली त्याच शाळेत विज्ञान शिकवते, स्कूटर वेगात चालवते. मागच्या वर्षी तिच्या निसर्गमंडळाची मुलं नरनाळ्याला गेली होती. किल्ल्यावर चार-सहा मुलं एका पायवाटेने भलतीकडेच उतरली. मोबाइलला रेंज नव्हती. संध्याकाळी सापडली खरी, पण पालकांनी शाळा डोक्यावर घेतली. यंदा मुख्याध्यापकांनी सहलीला परवानगी दिली ती एका अटीवर: आधी मुलांना नकाशा आणि होकायंत्र नीट शिकवा. मैथिलीने फोन केला तेव्हा कमलाकांतरावांनी नेहमीची सगळी कारणं सांगितली. गुडघा, बस, वय, आताच्या मुलांना हे जुनं शिकवणं रुचेल का. अकोल्याला शिकवायला त्यांनी आयुष्यभर असंच टाळलं होतं. एकदा तर मुख्याध्यापकपद चालून आलं होतं, तेही. पण मैथिली म्हणाली, "काका, आत्या असती तर तिनं तुमची बॅग भरून ठेवली असती," आणि त्यांनी फोन ठेवून बॅग खाली काढली. स्कूटरवर मागे बसून ते शहर पाहत होते. नवे दवाखाने, कोचिंग क्लासच्या पाट्या, उड्डाणपूल. वकिलांचं घर होतं तिथे आता एका बँकेची शाखा आहे आणि वर मुलांची अभ्यासिका. मैथिलीने मुद्दाम त्या रस्त्याने स्कूटर घेतली, थोडी हळूही केली. इमारत बदलली होती, रस्ता रुंद झाला होता, पण तो जात होता तिकडेच: त्यांच्या दक्षिणेकडून त्यांच्या उत्तरेकडे. त्यांना बरं वाटलं. एवढं सगळं पाडून झालं, पण ती फिरकी कुणाला पाडता आली नाही.

अनसूयेला हे कळलं ते पहिल्या दिवाळीत. दिवाळसणाला जावई आला म्हणून सासूबाईंनी नवी गादी घातली होती, उशी पश्चिमेला. कमलाकांतरावांना ती उत्तरेला वाटली. उत्तरेला डोकं फक्त मेलेल्या माणसाचं करतात. सकाळी सासूबाई चहाचं विचारायला आल्या तर जावई उलटे निजलेले, उशी पायथ्याला, डोकं पूर्वेकडे. जावई शास्त्र पाळते बाई, पूर्वेले डोकं करून झोपते, असं त्यांनी शेजारी कौतुकाने सांगितलं. अनसूयेने मात्र गच्चीवर नेऊन उलटतपासणी घेतली. वकिलाचीच मुलगी ती. आणि सगळं कळल्यावर आधी इतकी हसली की कठड्याला धरून खाली बसली. मग तिने डोळे पुसले. "म्हणजे त्या दिवशी तुमी मले अमरावती दाखवली ते..." ती म्हणाली. साखरपुड्यानंतर एकदा याच गच्चीवर तिने विचारलं होतं, तुमची अमरावती कोणत्या बाजूला आली? आणि भूगोलाच्या मास्तराने एक क्षणही न थांबता हात लांब करून दाखवली होती. तो हात कुठे गेला असेल ते त्यांना आता उमगलं. ते शरमले; तू तेव्हाच का बोलली नाहीस, म्हणाले. "मले ठाऊक होतं न. तिकडे तेल्हारा हाय. अमरावतीची गाडी कुठून येते हे अकोल्याच्या पोरीले समजत नसन काय?" मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत, त्यांच्याकडे न पाहता तिने सांगितलं की लग्न होईपर्यंत ती रोज संध्याकाळी गच्चीवर येऊन तिकडेच पाहत असे. अमरावतीकडे नाही. त्यांनी दाखवली होती तिकडे. "तुमी हात केला होता न तिकडे," एवढंच. कमलाकांतरावांनी त्यावर काय म्हटलं ते त्यांना आठवत नाही. बहुतेक काहीच नाही. ते काहीच न म्हणण्यात आयुष्यभर पटाईत होते.

आणि तिची? तिची अमरावती फिरलेली होती. हे तिने पुढे केव्हातरी भाजी निवडताना सहज सांगितलं, जसं काही सगळ्याच नव्या सुनांचं तसं होतं. चंद्र चुकीच्या खिडकीतून येतो, अंबादेवीला जाताना पाय घराकडे चालल्यासारखे वाटतात. कमलाकांतरावांना तेव्हा अतिशय कुतूहल वाटलं होतं. त्यांनी कागद घेऊन तिची फिरकी किती अंशांची ते काढायचा प्रयत्न केला, आणि तिने वांगी त्यांच्या कागदावर ठेवली. मग काही वर्षांनी एका सकाळी ती उठली ती अंथरुणातच बसून राहिली. डोळे भरलेले. पोटात दुखतं का, विचारलं तर मान हलवली. घर सरळ झालं, म्हणाली. रात्रीतून केव्हातरी आपोआप फिरून जागेवर बसलं. "चांगलं झालं की," ते म्हणाले. "हो," ती म्हणाली. "माहेर संपलं आज." ते वाक्य त्यांना तेव्हा बायकी, जरा नाटकीच वाटलं होतं. आता मैथिलीच्या बाल्कनीत चहा घेताना ते पुन्हा कानाशी आलं. समोर उत्तरेला सूर्य मावळत होता. उद्या त्यांना शाळेच्या गच्चीवर मुलांसोबत सकाळभर खरी उत्तर धरून उभं राहायचं होतं. रेघा मारायच्या, कोन मोजायचे, सुई पाहायची. इतका वेळ अकोल्याला सुईसमोर ते कधीच उभे राहिले नव्हते. आणि समजा त्या गडबडीत ते झालं? खट्‌कन अकोला जागेवर बसलं? मग दिवाणखान्यातली ती खिडकी पश्चिमेची होईल, मागे जाऊन. तिच्यातून आलेलं ऊन संध्याकाळचं साधं ऊन होईल, कुठल्याही घरात येतं तसं. तो हात, त्या बशा, सगळं तसंच राहील. फक्त ते अशक्य राहणार नाही. त्यांना भीती वाटली आणि भीतीच्या आत, बोरातल्या आठोळीसारखं, कुतूहलही होतं: कसं वाटत असेल ते फिरताना? तिला त्या सकाळी कसं वाटलं असेल? विचारलं नव्हतं. चांगलं झालं की, एवढं म्हणून ते दात घासायला गेले होते.

शाळेची गच्ची मोठी होती. पाऊस नुकताच सरलेला, हवा धुऊन काढल्यासारखी, आणि पार क्षितिजावर सातपुड्याची निळसर रेघ. मुलं आठवी-नववीची, दंगा करणारी, प्रत्येकाच्या हातात वऱ्हाडच्या नकाशाची झेरॉक्स. कमलाकांतरावांचा आवाज सुरुवातीला फुटेना; मग होकायंत्र हातात आलं तसा तो सापडला. पाण्याच्या टाकीपासून लांब उभे राहा, तिचा सांगाडा लोखंडी आहे. मोबाइल मॅडमकडे द्या. हातातली कडी काढा. सुगत नावाच्या उंच मुलाचं कडं निघेना, तेव्हा त्याला दुसऱ्या हाताने होकायंत्र धरायला सांगितलं. उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यासारखं उजवीकडे मोजत जायचं, पूर्ण फेरा तीनशे साठ. आकडे नेहमी तीन म्हणायचे. अमरावती बहात्तरवर नाही, शून्य बहात्तरवर. शून्य कशाले सर, वजन वाढवाले काय, असं शुभंकरने विचारलं आणि सगळे हसले. वाऱ्यात ओरडून सांगताना एखादा आकडा गळाला तर ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे की काहीतरी गळलं, असं ते म्हणाले, आणि शुभंकरने ते मान्य केलं. मग उलट दिशाकोन: इथून तिथे शून्य बहात्तर, तर तिथून इथे एकशे ऐंशी वाढवून दोनशे बावन्न. आणि त्यांचा जुना नियम, जो ते गणितापेक्षा जास्त मानत: नकाशावर जी जी रेघ माराल तिच्या कडेला कुठून, किती अंश आणि कुणी पाहिलं, हे तिन्ही लिहायचं. पाहणाऱ्याचं नाव कशाला? कारण पाहण्यात चूक होते, आणि चूक कुणाची ते माहीत असलं की ती सावरता येते. आकांक्षा नावाची बारीक चणीची मुलगी पहिल्या रांगेत हे सगळं शब्दन्‌शब्द उतरवत होती, आणि मधूनमधून त्यांच्या हाताकडे पाहत होती.

मग त्यांचा जुना खेळ. डोळे मिटा. विचार करू नका. उत्तर जिथं वाटते तिथं हात करा. बरोबर कुठं आहे ते नंतर पाहू, आधी आपण किती चुकतो ते कळलं पाहिजे. हात उठले. डोळे उघडल्यावर गच्चीवर बाभळीच्या झाडासारखे सगळीकडे हातच हात, आणि हशा. उन्हावरून कॉपी केली ह्याने, अशी सुगतबद्दल तक्रार आली. ऊन ही कॉपी नाही, कमलाकांतराव म्हणाले, ऊन हे पुस्तक आहे, उघडं ठेवलेलं. ते खुशीत आले होते. अमरावतीच्या शाळेत असावेत तसे. आणि तेवढ्यात आकांक्षा म्हणाली, "सर, आता तुमी."

मुलांनी ते उचलून धरलं. अमरावतीलाही प्रत्येक वर्ग हे म्हणायचा, आणि तिथे ते डोळे मिटून, थोडी गिरकी घेऊन, हात करायचे. सुई त्यांच्या बोटाशी येऊन थांबायची, टाळ्या पडायच्या. आकांक्षा आणखी म्हणाली, तक्रार म्हणून नव्हे, नुसतं पाहिलेलं सांगावं तसं, "तुमी सकाळपासून एकदाबी हात नाही केला. सुई पाहता, मंग सांगता." मैथिली टाकीजवळून हसत म्हणाली, अरे, सरांची काय परीक्षा घेता. कमलाकांतरावांनी डोळे मिटले.

मिटल्याबरोबर अकोला त्यांच्याभोवती उभं राहिलं, नेहमीचं. ऊन दक्षिणेकडून गालावर येत होतं. हात दोन ठिकाणी जाऊ शकत होता. एक जागा हिशेबाची: जे वाटतं त्यातून नव्वद वजा, सगळं आयुष्य केली तशी दुरुस्ती; टाळ्या, मुख्याध्यापकांना चांगला निरोप, मैथिलीची मान ताठ. सासऱ्यांसमोर, रिक्षावाल्यांसमोर, अनसूयेच्या मैत्रिणींच्या नवऱ्यांसमोर त्यांनी हेच केलं होतं आणि ते कधी खोटं वाटलं नव्हतं. दुरुस्ती म्हणजे खोटं नव्हे. पण आताच, या तोंडाने, विचार करू नका असं आपण म्हणालो. ही मुलं काही आठवड्यांनी नरनाळ्याच्या जंगलात असतील आणि त्यांच्यातल्या एखाद्याचं अंग त्याला ठामपणे सांगेल की उत्तर इकडे आहे; आणि त्या वेळी त्याला हे माहीत असायला हवं की अंग खोटं सांगू शकतं, म्हाताऱ्या मास्तराचंसुद्धा, चेहऱ्यावर ऊन असतानासुद्धा. हे सगळं त्यांना असं नीट सुचलं का, की हात आधी उठला आणि कारणं मागून आली? हात मात्र उठला. ज्या खिडकीतून ऊन आलं होतं तिकडे गेला, आणि थांबला.

कुणी हसलं नाही. मुलं आपापल्या सुईकडे पाहू लागली. मग सुगतचा आवाज, दबका: "दोनशे सत्तर." आणि मैथिलीचा, घाईचा, की सर गंमत करत आहेत. "गंमत नाही," कमलाकांतराव डोळे न उघडता म्हणाले. "मला अकोल्यात उत्तर तिथंच वाटते. पहिल्यांदा आलो तेव्हापासून. तिथं पश्चिम आहे हे मला माहीत आहे. पण वाटते तिथंच." मग डोळे उघडले. मुलांच्या चेहऱ्यांवर त्यांना जे दिसेल असं वाटलं होतं ते नव्हतं. एक मुलगी म्हणाली की तिला अमरावतीच्या स्टँडवर अगदी असंच होते. शुभंकरला त्याच्या मामाच्या गावी, भातकुलीला. आणखी कुणाला परतवाड्याला, पण फक्त जाताना, येताना नाही. ते काहून होते, सर? सगळ्यांना ते जाणून घ्यायचं होतं, आणि कमलाकांतरावांना त्याचं कारण ठाऊक नव्हतं. ते त्यांनी सांगितलं. "दरवेळेस तेवढंच चुकते काय?" सुगतने विचारलं. दरवेळेस तेवढंच, ते म्हणाले. सुगतने थोडा विचार केला. "मंग काय टेन्शन हाय सर? वजा करून टाकाचं."

आकांक्षाचं समाधान झालं नव्हतं. तिने विचारलं, मग सरांना अमरावती कुठे वाटते? त्यांनी पुन्हा डोळे मिटले. या वेळी हिशेबाला जागाच नव्हती. हात असा गेला की जणू त्याला वाट पाठ होती. आणि तो तिथे थांबला तेव्हा त्यांना कळलं की ही जागा नवी नाही, हा हात याच गावातल्या दुसऱ्या एका गच्चीवर एकदा असाच लांब झाला होता. आकांक्षाने त्यांच्या खांद्यामागे उभं राहून होकायंत्र धरलं, तीनशे बेचाळीस म्हणाली, सुगतने पुन्हा मोजून तेच सांगितलं. कमलाकांतरावांनी डोळे उघडले आणि आयुष्यात पहिल्यांदा आपल्याच बोटाच्या रेषेतून पाहिलं. तेव्हा त्यांनी पाहिलं नव्हतं. तेव्हा ते बोट करून अनसूयेकडे पाहत होते. समोर घरांच्या टाक्या होत्या, एक टॉवर, त्यापलीकडे शेतं असावीत अशी हिरवट धूसरता, आणि त्या सगळ्याच्या शेवटी, बोटाच्या दोन्ही बाजूंना पसरलेली, सातपुड्याची निळी रेघ. तिथे अमरावती नव्हती. तिथे पाहण्यासारखं बरंच काही होतं. रोज संध्याकाळी, लग्न होईपर्यंत, तिने हे पाहिलं होतं. थंडी पडत गेली तशी ती रेघ आणखी निळी होत गेली असेल. अकोला अजून फिरलेलंच होतं. त्यांनी सावकाश हात खाली घेतला, न जाणो धक्का लागेल म्हणून.

आकांक्षा खाली बसून नकाशावर रेघ मारत होती. कोनमापक, पट्टी, टोकदार पेन्सिल. रेघ अकोल्यातून निघाली, तेल्हारा आणि अकोट यांच्या मधून वर गेली, डोंगरात शिरली आणि कागदाच्या कडेला संपली. ही तर कुठंच जात नाही सर, ती म्हणाली, खोडू काय? खोडू नको, ते म्हणाले. मग नियमाप्रमाणे तिने कडेला लिहायला घेतलं. कुठून: अकोला, गच्ची. किती: ३४२. कुणी पाहिलं: आणि ती त्यांचं नाव लिहू लागली.

"ते नाही," कमलाकांतराव म्हणाले. "मी फक्त हात केला होता. पाहिलं दुसऱ्या कुणी."

"कोणी?"

"लिही. अनसूया."

टाकीजवळ उभ्या असलेल्या मैथिलीने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. आकांक्षाने वळणदार अक्षरात अनसूया असं लिहिलं, पुढे एक रेघ ओढली आणि पेन्सिल थांबवून वर पाहिलं. "आपल्याच शाळेतल्या काय, सर?"

"हो. याच शाळेतल्या."

"कोणत्या तुकडीतल्या?"

कमलाकांतरावांनी मैथिलीकडे पाहिलं, पण तिलाही ते माहीत असायचं कारण नव्हतं.

"तेवढं," ते म्हणाले, "मी कधी विचारलं नाही."

ते गुडघा सांभाळत आकांक्षाच्या शेजारी फरशीवर बसले, आणि शाळेतले जुने हजेरीपट कुठे ठेवतात म्हणून तिलाच विचारू लागले.